एका कापावरून पेशी कळत नाही

शाळेच्या पुस्तकातली प्राणीपेशी आठवून बघा. एक लंबगोल, मधोमध केंद्रक, त्याच्या शेजारी गॉल्गी संकुलाच्या चार-पाच वळ्या आणि इकडेतिकडे विखुरलेल्या, पोटात नागमोडी रेघ असलेल्या, औषधाच्या कॅप्सूलसारख्या तंतुकणिका. त्या आकृतीला नावं देता देता आपल्या सगळ्यांच्या मनात पेशीचं तेच चित्र कायमचं बसलं. आकृतीत खोटं काही नाही. फक्त ती पेशीची आकृती नाही, पेशीच्या एका कापाची आहे.

यानं काय बिघडतं? हेडफोनची गुंतलेली वायर वितळलेल्या मेणात बुडवा, मेण घट्ट होऊ द्या आणि सुरीनं मधोमध कापा. कापलेल्या बाजूवर वीस-पंचवीस ठिपके दिसतील. वायर सरळ कापली गेली तिथे गोल, तिरकी कापली गेली तिथे लांबट. ज्यानं वायर कधी पाहिलेलीच नाही, असा माणूस हे बघून म्हणेल की मेणात पंचवीस गोळ्या आहेत. त्याची नजर चोख आहे आणि मोजणीही बरोबर आहे, तरी निष्कर्ष साफ चुकला.

तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या बाबतीत असंच काहीसं झालं. बऱ्याच पेशींमध्ये त्या सुट्या कॅप्सूल नसतात. त्या लांबच लांब नळ्या असतात, त्यांना फाटे फुटतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पुन्हा तुटतात. १९७३ साली यीस्टच्या पेशींचे एकापाठोपाठ एक काप घेऊन ते जुळवले गेले, तेव्हा अख्ख्या पेशीत फाटे फुटलेली एकच भलीमोठी तंतुकणिका असल्याचं दिसलं. यीस्ट काही प्राणी नव्हे, पण धडा तोच: कापात जे अनेक दिसतं, ते प्रत्यक्षात एक असू शकतं. उलटही होतं. शेजारी-शेजारी चिकटून बसलेल्या दोन वस्तू कापात एकच वाटतात.

म्हणून पेशीअंगकांचा, म्हणजे तंतुकणिकांसारख्या पेशीतल्या छोट्या अवयवांचा आकार खरोखर जाणून घ्यायचा तर तिसरी मिती लागते. ती मिळवणं इतकं अवघड का, हे कळायला आधी मापं बघू.

साधारण प्राणीपेशी १० ते ३० मायक्रोमीटर रुंद असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतुकणिकेची जाडी अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे ५०० नॅनोमीटरच्या आसपास. आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पटलांच्या जाळीच्या नळ्या त्याहून बारीक, शंभर नॅनोमीटरच्या आत-बाहेर. आणि या सगळ्यांना वेढणारं पटल जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर जाडीचं. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. ही मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडली, आणि ती भिंगाच्या दर्जाची नाही, प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे. भिंग कितीही घासलं तरी पटल दिसणार नाही.

इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र प्रकाशाच्या हजारो पटींनी लहान. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ मध्ये बर्लिनला एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी बनवला. पेशीचा पहिला नाव घेण्याजोगा फोटो यायला मात्र १९४५ उजाडलं. कीथ पोर्टर, अल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या भ्रूणातली पेशी वाढवून तिचा फोटो घेतला. गंमत अशी की ही पेशी त्यांनी कापलेली नव्हती. पसरून वाढलेल्या पेशीची कड इतकी पातळ होती की इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार गेले, आणि त्या कडेला एक लेससारखी जाळी दिसली. पुढे तिलाच आंतर्द्रव्यजालिका हे नाव मिळालं. कापली नव्हती म्हणूनच ती जाळी जाळीसारखी दिसली, असं मला नेहमी वाटतं. आधी काप पाहिला असता तर तिला कदाचित 'तुटक रेघा' म्हणून काहीतरी नाव पडलं असतं.

पण पेशीचा मधला भाग जाड असतो, तिथे इलेक्ट्रॉन आरपार जात नाहीत. त्यामुळे कापणं आलंच. १९५० च्या दशकात अतिसूक्ष्म काप घेणारी यंत्रं आली आणि पेशीविज्ञानाचं सुवर्णयुग सुरू झालं. पन्नास ते सत्तर नॅनोमीटर जाडीचे काप, आधी काचेच्या आणि मग हिऱ्याच्या पात्यानं. शाळेतली आकृती जन्मली ती इथे.

फोटोत दिसतो तो धातू

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितली नाही तर हे फोटो चुकीचे वाचले जातात. पेशी कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या अणूंची बनलेली असते. इलेक्ट्रॉनांना हे अणू जवळपास सारखेच. मग पटल वेगळं दिसावं कसं? त्यासाठी पेशीत जड धातू मुरवतात. आधी ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनानं प्रथिनं जागच्या जागी बांधून टाकायची. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड द्यायचं. ते पटलातल्या स्निग्ध पदार्थांना जाऊन चिकटतं आणि पेशी काळी पडते. वर युरेनियम आणि शिशाचे क्षार. मग टप्प्याटप्प्यानं पाणी काढून टाकायचं, त्या जागी रेझिन भरायचं आणि तापवून घट्ट करायचं. हातात येतो दगडासारखा टणक ठोकळा, आणि त्याच्या आत कुठेतरी पेशी. फोटोत काळी रेघ दिसते ती पटलाची नव्हे, पटलाला चिकटलेल्या धातूची.

आता तिसरी मिती. सगळ्यात जुना मार्ग अर्थातच ओळीनं काप घेण्याचा. एक, दोन, तीन, पाचशे, प्रत्येकाचा फोटो, आणि मग ते फोटो एकावर एक रचायचे. ऐकायला सोपं आहे. करताना एखादा काप सुरकुततो, एखादा फाटतो, एखाद्यावर नेमका नको तिथे कचरा बसतो, आणि प्रत्येक काप पाण्यावर तरंगताना थोडा ताणला किंवा आकसला जातो. त्यामुळे शेजारचे दोन फोटो नीट जुळतच नाहीत. वर आडव्या दिशेला तपशील तीन-चार नॅनोमीटरचा आणि खोलीच्या दिशेला पन्नासचा. म्हणजे चित्राचा प्रत्येक कण चौकोनी ठोकळा नसून उंच खांब.

दुसरा मार्ग टोमोग्राफीचा. सीटी स्कॅनमध्ये शरीराभोवती क्ष-किरणांचा स्रोत फिरतो. इथे काप स्वतःच कलतो. साधारण उणे साठ ते अधिक साठ अंशांपर्यंत थोडाथोडा तिरपा करत फोटो घ्यायचे आणि संगणकानं त्यातून त्रिमितीय आकार उभा करायचा. पूर्ण नव्वद अंशांपर्यंत कलवता येत नाही, कारण काप जितका तिरपा तितकं इलेक्ट्रॉनांना जास्त जाडीतून जावं लागतं. त्यामुळे माहितीचा एक तुकडा कायम हातचा जातो. तपशील मात्र अप्रतिम मिळतो. तोही पेशीच्या एका छोट्याशा तुकड्यातच, हे विसरायचं नाही.

तिसऱ्या मार्गातली युक्ती मला सगळ्यात आवडते. कापाचा फोटो घेण्याऐवजी ठोकळ्याचा घ्यायचा! २००४ मध्ये हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत विनफ्रिड डेंक आणि हाइन्झ होर्स्टमान यांनी सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कप्प्यातच हिऱ्याचं पातं बसवलं. पातं ठोकळ्याच्या माथ्यावरून एक पातळ थर खरवडतं, उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचा फोटो निघतो, पुन्हा पातं, पुन्हा फोटो. ठोकळा जागचा हलत नाही, म्हणून फोटो आपोआप जुळतात. खरवडलेला थर टाकून द्यायचा.

पात्यानं वीस-पंचवीस नॅनोमीटरहून पातळ थर भरवशानं निघणं अवघड. मग पातंच नको. गॅलियमच्या आयनांचा बारीक झोत ठोकळ्यावर सोडला तर तो चार नॅनोमीटरचा थरही घासून काढू शकतो. या पद्धतीचं लघुनाव फिब-सेम. 'फिब' म्हणजे आयनांचा झोत आणि 'सेम' म्हणजे पृष्ठभाग न्याहाळणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. इथे तिन्ही दिशांना तपशील सारखाच, चार बाय चार बाय चार. ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तो चित्राचा त्रिमितीय कण इथे खऱ्या अर्थानं घनाकार असतो.

किंमत? वेळ. वीस मायक्रोमीटर खोल जायचं तर चार नॅनोमीटरचे पाच हजार थर. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात शॅन शू आणि हॅरल्ड हेस यांच्या गटानं हे यंत्र महिनोन्‌महिने न थांबता, थर न चुकवता चालेल इतकं पक्कं केलं. अधेमधे बंद पडलं आणि पुन्हा सुरू करताना पन्नास नॅनोमीटर जास्त घासले गेले, तर तेवढी पेशी गेली. पुन्हा मिळणार नाही. काम संपतं तेव्हा पेशीचा कणही शिल्लक नसतो, उरतात ते फक्त फोटो.

एका ठिपक्याचा पाठलाग

फोटो हाती आले म्हणजे काम झालं, असं वाटतं. खरं काम इथून सुरू होतं.

हिशोब करून बघा. चाळीस बाय चाळीस मायक्रोमीटर पसरलेली, दहा मायक्रोमीटर जाडीची पेशी. चार नॅनोमीटरचे कण धरले तर दहा हजार गुणिले दहा हजार गुणिले अडीच हजार, म्हणजे २५० अब्ज व्हॉक्सेल. प्रत्येकाला एक बाइट धरला तरी २५० गीगाबाइट. एका पेशीचे. आणि यातल्या एकाही व्हॉक्सेलवर 'मी तंतुकणिकेचा' असं लिहिलेलं नसतं. सगळं करड्या छटांत.

समजा तुम्ही पडद्यासमोर बसला आहात आणि तुम्हाला एका तंतुकणिकेची बाह्यरेषा काढायची आहे. पहिल्या थरात एक अस्पष्ट राखाडी डाग दिसतो. ही तिची वरची टोपी, पटल इथे आडवं कापलं गेलंय म्हणून कड धूसर. आणखी दहा थर खाली जाता, डाग गोल होतो, कड काळी आणि धारदार होते, आत घड्यांच्या रेघा दिसू लागतात. पेनानं रेघ ओढा. पुढचा थर, पुन्हा रेघ. साठाव्या थरापाशी गोलाला एका बाजूनं पोक येतो. नव्वदाव्याला तो पोक म्हणजे दुसरा गोल होऊ पाहतो. आता प्रश्न: फाटा फुटला, की शेजारी दुसरीच तंतुकणिका येऊन टेकली? उत्तर त्या एका थरात नसतं. खाली-वर, खाली-वर करत बघायचं की दोघांच्या मध्ये पटलाची दुहेरी रेघ कुठे दिसते का. दिसली तर दोन, नाही तर एक. अर्धा मायक्रोमीटर जाडीची नळी आडवी पडलेली असेल तर सव्वाशे थर, आणि उभी असेल तर हजारो. पेशीत अशा शेकडो. आणि तंतुकणिका त्यातल्या त्यात सोपी! आंतर्द्रव्यजालिकेच्या नळीची रेघ ओढायला बसलेला माणूस तासाभरात डोळे चोळायला लागतो.

या कामाला सेगमेंटेशन म्हणतात. हे इतकं वेळखाऊ की लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेनं २०१७ मध्ये 'एच अ सेल' नावाचा प्रकल्प काढून सर्वसामान्य लोकांनाच साद घातली: आमच्या फोटोत केंद्रकाच्या आवरणाभोवती रेघ ओढून द्या. एकाच थरावर अनेकांनी ओढलेल्या रेघांचं एकमत काढायचं, आणि त्यावर यंत्राला शिकवायचं.

आता हे काम बरंचसं यंत्रच करतं. माणसानं काळजीपूर्वक रंगवलेले छोटे घनतुकडे दाखवून कृत्रिम न्यूरल जाळ्याला शिकवायचं आणि मग त्याला अख्ख्या पेशीवर सोडायचं. जनेलियाच्या गटानं २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये असं काम प्रसिद्ध केलं. त्यात ३५ पर्यंत प्रकारची पेशीअंगकं आणि त्यांचे भाग यंत्रानं ओळखले होते. यंत्र चुकतंही, आणि मुख्यतः दोन तऱ्हांनी चुकतं: जे एक आहे ते तोडतं किंवा जे दोन आहेत ते जोडतं. पंचवीस गोळ्यांवाल्या माणसाचीच ही चूक, फक्त आता दोन्ही दिशांना. म्हणून शेवटी माणूस तपासतोच.

मग नवीन काय दिसलं?

सगळ्यात जुनं उदाहरण तंतुकणिकेच्या पोटातलं. तिचं आतलं पटल घड्या घालून आत गेलेलं असतं हे जॉर्ज पॅलेड यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. पुस्तकातल्या आकृतीत या घड्या तोंडाशी ऐसपैस उघड्या असतात, पडद्याच्या चुण्यांसारख्या. १९९० च्या दशकात टोमोग्राफीनं बघितल्यावर दिसलं की घडी आणि आतल्या पटलाचा कडेचा भाग यांना जोडणारं तोंड तीसेक नॅनोमीटरचं, अगदी चिंचोळं असतं. म्हणजे घडी ही चुणी नसून अरुंद दाराची खोली. खोलीत आत-बाहेर काय आणि किती वेगानं जाणार, हे दार किती रुंद यावर ठरतं. आणि ऊर्जा बनवण्याचा कारखाना त्याच भिंतींवर असल्यामुळे हा बारकावा नुसता चित्रकलेचा राहत नाही.

दुसरं उदाहरण आंतर्द्रव्यजालिकेचं. जिथे प्रथिनं मोठ्या प्रमाणावर बनतात, तिथे तिची पातळ पत्र्यांसारखी चवड असते. कापात हे पत्रे एकमेकांना समांतर, सुटे दिसतात. मग सगळे पत्रे एकाच जालिकेचे कसे? मार्क टेरासाकी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उंदराच्या लाळग्रंथीच्या आणि चेतापेशींचे ओळीनं काप जुळवून दाखवलं की हे पत्रे मळसूत्री वळणाच्या उतारांनी जोडलेले असतात, बहुमजली पार्किंगमधल्या उतारासारखे. तीन वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटानं लिहिलं की न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचातल्या द्रव्याची संगणकावर नक्कल केली तर तिथेही असेच उतार उमटतात. दोन्हींतल्या बलांचा एकमेकांशी काही संबंध नाही. योगायोग म्हणा किंवा भूमितीची सक्ती म्हणा, मला तरी हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

तिसरं उदाहरण आजाराशी जोडलेलं. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी फिब-सेम वापरून सडपातळ आणि लठ्ठ उंदरांच्या यकृतपेशींची तुलना केली. सडपातळ उंदरात आंतर्द्रव्यजालिकेचे पत्रे नीट चवड लावल्यासारखे, लठ्ठ उंदरात पत्रे कमी झालेले आणि नळ्यांचा पसारा. इथवर ते निरीक्षण झालं. पण पत्र्यांना आकार देणारं एक प्रथिन वाढवून त्यांनी ही रचना बऱ्याच अंशी पूर्ववत केली, तेव्हा उंदरांचा चयापचयही सुधारला. म्हणजे आकार बिघडणं हा नुसता आजाराचा परिणाम नव्हे, त्याचा आजारात हातही असतो.

पेशीअंगकं एकमेकांना टेकतात ही गोष्टही याच चित्रांनी ठसवली. पुस्तकात ती आपापल्या जागी अंतर राखून बसलेली असतात. प्रत्यक्षात पेशी गच्च भरलेली असते, आणि आंतर्द्रव्यजालिका तंतुकणिकेला जागोजाग १० ते ३० नॅनोमीटर इतकी जवळ येऊन बिलगते. तिथून कॅल्शियमची आणि स्निग्ध पदार्थांची देवाणघेवाण चालते. २०११ मध्ये दिसलं की तंतुकणिका जिथे तुटणार असते, तिथे आधी जालिकेची नळी तिला विळखा घालते. चार नॅनोमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये ही फट म्हणजे जेमतेम तीन ते सात कण. खांबासारख्या पन्नास नॅनोमीटरच्या कणात ती दिसलीच नसती.

एवढं सगळं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. यातली प्रत्येक पेशी मेलेली आहे. रसायनं देताना आणि पाणी काढताना ती आकसते, पटलं वाकतात. कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून जे संकुल दाखवलं, ते खरंच पेशीत आहे की रंगवण्यामुळे झालेला डाग, यावर पुढे अर्धं शतक वाद चालला तो याच शंकेमुळे. आजचा त्यावरचा उपाय म्हणजे पेशीला प्रचंड दाबाखाली क्षणार्धात गोठवणं, इतकं झटकन की बर्फाचे स्फटिक व्हायलाही वेळ मिळू नये. दुसरी अडचण संख्येची. एक पेशी घासायला आठवडे लागत असतील तर शंभर पेशी कोण बघणार? एका पेशीत दिसलेली गोष्ट सगळ्यांना लागू आहे असं म्हणणं, ही परत कापाचीच चूक, एक पायरी वरची.

जिवंत पेशी बघायची तर पुन्हा प्रकाशाकडे यावं लागतं. प्रकाशाचा अतिशय पातळ पडदा पेशीतून सरकवत नेणारा सूक्ष्मदर्शक एरिक बेट्झिग यांच्या गटानं २०१४ मध्ये आणला. २०१७ मध्ये तो वापरून एकाच जिवंत पेशीतली सहा प्रकारची पेशीअंगकं सहा रंगांत, तिन्ही मितींत, हलताना बघितली गेली. पटल नाही दिसत त्यात. पण कोण कुणाला किती वेळा भेटतं ते दिसतं, आणि ते फिब-सेमला कधीच दिसणार नाही.

जनेलियानं आपल्या पेशींचे हे ठोकळे 'ओपनऑर्गनेल' नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत, आणि ते साध्या ब्राउझरमध्ये उघडतात. उघडल्यावर लगेच रंगीत त्रिमितीय चित्राकडे जाऊ नका, ते सुंदर आहे पण तयार उत्तर आहे. आधी करडा थर उघडा, एखादा गोल ठिपका निवडा, त्याच्यावरची नजर हलू न देता थर बदलत जा. थोड्या वेळानं तो बाजूला सरकायला लागतो, लांबट होतो, आणि शेजारचा जो ठिपका तुम्ही वेगळा समजत होता, त्याच्यात जाऊन मिळतो.